बेटकास्टर रिलाची फेक तोकडी पडते, लाइन गुंतते: नवे पार्ट मागवण्याआधी हे तपासा

मी नाशिकच्या अंबड एमआयडीसीत टूलरूममध्ये काम करतो आणि सुट्टीच्या दिवशी पहाटे गळ घेऊन मरळ माशाच्या मागे असतो. बेअरिंग, शाफ्ट, शिम हे रोजच्या हाताखालचं काम, त्यामुळे ओळखीच्या गळवाल्यांची रिलं दुरुस्तीला माझ्याकडे यायला लागली. सगळ्यांची तक्रार एकच असते: "दादा, रील बसलं. लांब जातच नाही. आणि जरा मोकळं केलं की लाइनचा पार गोळा होतो."

यातलं बहुतेक वेळा काहीच तुटलेलं नसतं. घडतं ते असं: लाइन गुंतली म्हणून टेन्शन नॉब आवळला. नॉब आवळल्यामुळे फेक आखडली. फेक आखडली म्हणून कुणाच्या तरी सांगण्यावरून सिरॅमिक बेअरिंग मागवलं. आता स्पूल, म्हणजे लाइन गुंडाळायची फिरकी, आधीपेक्षा मोकळं झालं आणि गुंता दुप्पट. पैसे गेले, दुखणं तिथंच. म्हणून पुढचा क्रम फुकटच्या तपासणीपासून सुरू होतो आणि नवीन पार्ट अगदी शेवटी येतो. क्रम मोडू नका.

गुंता होतो कसा

येवल्याची संक्रांत पाहिली असेल तर हे लगेच कळेल. पतंगाला ढील देताना मांजा गुंडाळलेली आसारी हातात भरभर फिरते. पतंगाची ओढ अचानक कमी झाली आणि आसारी फिरतच राहिली, तर मांजा सैल पडून पायाशी ढीग होतो. बेटकास्टरचं तसंच आहे. साध्या स्पिनिंग रिलात फेकताना स्पूल जागेवर स्थिर असतं, लाइन त्याच्या कडेवरून वेटोळी सोडत निघते. बेटकास्टरमध्ये ल्यूर, म्हणजे लाइनच्या टोकाचं नकली आमिष, लाइन ओढतं आणि त्या ओढीनं स्पूल स्वतः फिरतं. हवेच्या विरोधानं ल्यूर मंदावतं, स्पूल मात्र आपल्याच वेगात राहतं. जितकी लाइन बाहेर जाते त्यापेक्षा जास्त सुटते, ती स्पूलवर फुगते आणि एका वेटोळ्याखाली दुसरं अडकतं. रिलातला प्रत्येक ब्रेक, प्रत्येक नॉब आणि तुमचा अंगठा, सगळे याच एका गोष्टीसाठी आहेत.

आधी लक्षणं नीट बघा

माझ्याकडे कुणी आलं की मी पहिला प्रश्न विचारतो: गुंता नेमका कधी होतो?

फेकल्याबरोबर, ल्यूर दोन-चार मीटर गेलं नाही तोच होत असेल, तर हात झटका देतोय किंवा ब्रेक फार कमी आहे. मधेच, ल्यूर हवेत असताना होत असेल, तर समोरून वारा आहे किंवा ल्यूर रिलाच्या मानानं हलकं आहे. शेवटी, ल्यूर पाण्यात पडल्यावर होत असेल, तर रिलात दोष नाहीच. अंगठा स्पूलवर उशिरा टेकतोय.

गुंता नाही पण फेक तोकडी, हे वेगळं दुखणं. त्यात नॉब किंवा ब्रेक जास्त आवळलेला, बेअरिंग घाण, नाहीतर स्पूल कुठेतरी घासतंय. फेकताना बारीक शीळ ऐकू आली तर बेअरिंग कोरडं पडलंय. खरखर असेल तर आत माती आहे. कधी छान जातं, कधी अचानक अडतं, असं असेल तर लाइन स्पूलमध्ये रुतलेली असते, किंवा एखादा धागा स्पूल आणि फ्रेमच्या फटीत गेलेला असतो.

एवढं एका कागदावर लिहून ठेवा. निम्मं निदान इथंच होतं.

पहिली तपासणी: टेन्शन नॉब आणि ब्रेक

हँडलच्या बाजूला जो छोटा गोल नॉब असतो तो स्पूलच्या शाफ्टला टोकाकडून दाबतो. तो सैल करा. आता अंगठ्यानं स्पूल डावी-उजवीकडे हलवून बघा, किंचित खट-खट लागेल. ही हालचाल जेमतेम संपेल एवढाच नॉब आवळा, आणि मग त्याला विसरा. ल्यूर हळूहळू खाली उतरेल आणि जमिनीला टेकताच स्पूल थांबेल इतका नॉब आवळायचा, ही जुनी पद्धत शिकाऊ हाताला पहिल्या दिवशी चालते, पण फेक आखडते ती त्यामुळेच. कारण असं: नॉबचं घर्षण फेकीच्या सुरुवातीपासून शेवटापर्यंत सारखंच राहतं. ल्यूर दमलेलं असतं, स्पूलही मंद झालेलं असतं, तेव्हासुद्धा नॉब ओढून धरतो आणि शेवटचे काही मीटर खाऊन टाकतो.

ब्रेकचं तसं नाही. मॅग्नेटिक ब्रेकमध्ये लोहचुंबकांसमोर ॲल्युमिनियमचं स्पूल फिरतं, त्यात भोवरी प्रवाह तयार होतात आणि ते फिरण्याला विरोध करतात. वेग जास्त तर विरोध जास्त, वेग उतरला की विरोधही उतरतो. सेंट्रिफ्युगल ब्रेकमध्ये छोटे प्लॅस्टिकचे ठोकळे वेगानं बाहेर फेकले जातात आणि कड्यावर घासतात. त्यांचा जोर वेगाच्या वर्गाच्या पटीत वाढतो, म्हणून ते सुरुवातीच्या जोरदार क्षणी धरतात आणि पुढे जवळजवळ सोडून देतात. जे काम ब्रेकचं आहे ते नॉबकडून करून घेऊ नका.

डायल असेल तर वरच्या टोकाला लावून सुरुवात करा आणि दर चार-पाच फेकींनंतर एक घर खाली आणा. स्पूलवर लाइन जरा फुगायला लागली की एक घर परत वर. तुमची जागा तीच. ठोकळे असतील तर समोरासमोरच्या जोड्या चालू किंवा बंद करा, एकाच बाजूचे नको, नाहीतर स्पूलचा तोल जातो. वारा समोरून असेल तर सरळ दोन घरं वर जा. मुकणे धरणाच्या उघड्या काठावर दुपारी वारा उठला की मी सकाळच्या सेटिंगवर एकही फेक टाकत नाही.

दुसरी: ल्यूर आणि रॉड जुळतात का

स्पूल फिरवायची ताकद ल्यूरच्या वजनातूनच येते. साध्या बेटकास्टरला १० ते २० ग्रॅमचं ल्यूर मानवतं. ७ ग्रॅमच्या खाली गेलात की स्पूल हलवता हलवताच ल्यूर दमतं. त्यासाठी वेगळी, हलक्या स्पूलची रिलं मिळतात. रॉडवर हँडलच्या वर वजनाची मर्यादा छापलेली असते, बऱ्याचदा औंसात. एक औंस म्हणजे सुमारे २८ ग्रॅम. पाव ते पाऊण औंस लिहिलं असेल तर साधारण ७ ते २१ ग्रॅम. मरळीसाठी वापरतात तो पोकळ नकली बेडूक बहुतेक वेळा यात बसतो. ५ ग्रॅमचं स्पिनर लावून "रील लांब टाकत नाही" म्हणणारे मला दरवर्षी भेटतात, आणि त्यांच्या रिलाला मी हातही लावत नाही.

आणखी एक. नवीन सेटिंग पाण्यावर तपासू नका. हुक काढलेलं ल्यूर, नाहीतर नुसतं शिशाचं वजन बांधा आणि रिकाम्या प्लॉटवर किंवा मोकळ्या मैदानावर टाका. पाण्यावर मासा उसळला की माणूस सेटिंग विसरतो आणि जोर लावतो.

तिसरी: लाइन

स्पूल काठोकाठ भरू नका. कडेपासून २ ते ३ मिमी मोकळे ठेवा. जास्त भरली तर फुगलेली लाइन कडेवरून घसरते. फार कमी भरली तर घेर लहान होतो, तेवढीच लाइन सोडायला स्पूलला जास्त फेरे घ्यावे लागतात. हलकं ल्यूर टाकणारे मुद्दाम थोडी कमी भरतात, कारण लाइनचं वजन कमी झालं की स्पूल लवकर वेग घेतं आणि लवकर थांबतं. पण तो पुढचा अभ्यास.

ब्रेडेड, म्हणजे विणलेल्या धाग्यांची लाइन गुळगुळीत स्पूलवर थेट गुंडाळली तर अख्खी लाइन स्पूलभोवती घसरते. मासा लागल्यावर ड्रॅग (मासा जोरात ओढला की लाइन सोडणारा ब्रेक) बिघडलाय असं वाटतं, पण ड्रॅग ठीक असतो. खाली पाच-सात मीटर नायलॉन घ्या, त्यावर ब्रेड बांधा. ब्रेड सैल हातानं भरली तर वरचा थर खालच्यात रुततो आणि पुढच्या फेकीला करकचून थांबतो. ओल्या फडक्यात धरून, ताण देत भरा. बेटकास्टरवर फार बारीक ब्रेड लावू नका, ती जास्त रुतते. मरळीला ३० ते ५० पाउंडची ठीक. शिकत असाल तर ०.३५ मिमी नायलॉननं सुरुवात करा. ती गुंतली तरी सोडवता येते आणि स्वस्त आहे.

गुंता सोडवायला सुई, टाचणी, कात्री आणू नका. स्पूलवर अंगठा जोरात दाबा, हँडल दोन-तीन वेळा फिरवा, मग क्लच (स्पूल मोकळं सोडणारं बटण) मोकळा करून लाइन सावकाश ओढा. अडली की पुन्हा तेच. बहुतेक गुंते असेच सुटतात, कारण दाब देऊन फिरवल्यानं वरची वेटोळी सपाट होतात आणि अडकलेली कडी मोकळी होते. सुटल्यावर नायलॉन नखातून ओढून बघा. जिथं घडी पडलीय तिथून कापून टाका, मोठा मासा तिथंच तोडतो.

चौथी: झाकण, गाइड, फट

बाजूचं झाकण पूर्ण बसलंय का? एका बाजूनं केसभर वर राहिलं तरी स्पूल तिरकं होतं आणि फ्रेमला घासतं. बाजूनं उजेडात धरून स्पूल आणि फ्रेममधली फट सगळीकडे सारखी दिसते का बघा. लाइन डावी-उजवीकडे नेणाऱ्या गाइडच्या आतल्या कडीवरून कापसाची काडी फिरवा. कापूस अडकला तर कडीला चीर आहे, तीच लाइन कापते. गाइडखालच्या आट्यांच्या दांड्यावर जुन्या टूथब्रशनं घासा. उन्हाळ्यात धरणं आटली की काठाची काळी माती भुसभुशीत होते, रॉड तिथं आडवा ठेवला की नेमकी याच दांड्यात जाते. ठेवायचाच असेल तर खाली गोणपाट टाका.

द्राक्षबागेवाल्यांनी शेडमध्ये गंधकाच्या पोत्यांजवळ रील ठेवू नये. पितळी गिअर काळे पडलेले मी पाहिलेत.

पाचवी: बेअरिंग धुणं आणि तेल

माझ्याकडे आलेल्या तोकड्या फेकीच्या रिलांपैकी बहुतेक इथं बरी होतात, म्हणून इथं सावकाश सांगतो.

गेल्या थंडीत निफाडकडचा एक बागायतदार रील घेऊन आला. दुपारी चांगलं चालतं, पहाटे जड. त्यानं स्पूलच्या बेअरिंगमध्ये खोबरेल तेल घातलं होतं. खोबरेल साधारण २४-२५ अंशांखाली थिजतं, आणि निफाडची डिसेंबरची पहाट तर दहाच्याही खाली जाते. बेअरिंगमध्ये तेल नव्हतं, मेण होतं. गोडेतेल, एरंडेल, गाडीचं इंजिन ऑइल, ग्रीस, यातलं काहीही स्पूलच्या बेअरिंगला नको. गंज सोडवायचा स्प्रेही नको. तो मुळात पाणी आणि मळ हटवण्यासाठी असतो, आहे ते तेलही धुऊन नेतो आणि मागे फारसं वंगण ठेवत नाही. पातळ रील ऑइल मिळालं तर उत्तम. नाहीतर शिलाई मशीनचं तेल घ्या, मी स्वतः कित्येक वर्षं तेच वापरलं.

पांढरं फडकं पसरा, त्यावर कडेची स्टीलची थाळी ठेवा, प्रत्येक पायरीचा मोबाइलवर फोटो काढा. बाजूचं झाकण उघडून स्पूल बाहेर घ्या. एक बेअरिंग झाकणात असतं, बारीक तारेच्या क्लिपनं धरलेलं. दुसरं रिलाप्रमाणे टेन्शन नॉबखाली किंवा स्पूलच्या शाफ्टवर. नॉब उघडताना आत पातळ चकत्या असतात, एक किंवा दोन. त्या कुठल्या क्रमानं आणि कुठल्या तोंडानं बसल्या होत्या ते बघा. माझ्या पहिल्या रिलाची अशी एक चकती फरशीवर पडून गेली. रील तरीही चालवलं, आणि स्पूलनं दोन महिन्यांत फ्रेममध्ये चर पाडली. ते रील गेलंच.

बेअरिंग छोट्या काचेच्या बाटलीत घाला, वर आयसोप्रोपिल अल्कोहोल, म्हणजे एम. जी. रोडवरचे मोबाइल दुरुस्तीवाले बोर्ड धुवायला वापरतात तेच आयपीए. पाच मिनिटं हलवा. द्रव गढूळ झाला की बदला, स्वच्छ राहीपर्यंत. ॲसिटोन आणि थिनर रिलाच्या प्लॅस्टिकला खातात, ते टाळा. गॅसजवळ हे काम करू नका, आयपीए पेट घेतं. नंतर कागदावर पूर्ण वाळू द्या.

इथं कारखान्यातल्या मित्रांना एक कळकळीची सूचना. एअर गननं कोरडं बेअरिंग गरगर फिरवू नका. आवाज छान येतो, पण तेलाविना त्या वेगात गोळ्या आणि त्यांची वाट दोन्ही खराब होतात, आणि बेअरिंग फुटून तुकडा डोळ्यात जाऊ शकतो.

वाळलेलं बेअरिंग पेन्सिलच्या निमुळत्या टोकावर बसवा आणि बोटानं हळू फिरवा. गुळगुळीत सरकलं तर चांगलं आहे. वाळूवरून चालल्यासारखं लागलं तर पुन्हा धुवा; तरीही तसंच असेल तर ते संपलंय. चांगल्या बेअरिंगला सुईच्या टोकानं एकच थेंब. दोन थेंब म्हणजे जास्त. जास्तीचं तेल स्पूलच्या वेगानं उडतं आणि ब्रेकच्या कड्यावर जातं. ठोकळे तेलकट कड्यावर धरत नाहीत, आणि कालपर्यंत नीट चालणारं रील आज फेकल्याबरोबर गुंततं. म्हणून त्याच बैठकीत कडं आणि ठोकळे कोरड्या फडक्यानं पुसून घ्या.

हँडलच्या आतल्या एकाच बाजूनं फिरणाऱ्या रोलर बेअरिंगमध्ये ग्रीस भरणं ही दुसरी नेहमीची चूक. त्यानं रोलर सरकतात आणि हँडल मागे फिरायला लागतं. ग्रीस फक्त गिअरच्या दातांना, तेही पातळ थर.

सहावी: आता नवीन पार्ट

इथवर सगळं झालं, रील स्वच्छ आहे, सेटिंग बरोबर आहे, अंगठा तयार आहे, आणि तरी आणखी काही मीटर हवेत, तर बेअरिंग बदला. फक्त स्पूलची दोन. हँडल आणि गिअरची बेअरिंग बदलून फेकीत काहीच फरक पडत नाही. आकार कॅलिपरनं मोजा: आतला व्यास, बाहेरचा व्यास, जाडी. बऱ्याच रिलांत ३×१०×४ मिमी असतात, पण दोन्ही बाजूंचा आकार एक असेलच असं नाही. हायब्रिड सिरॅमिकमध्ये गोळ्या सिलिकॉन नायट्राइडच्या आणि कडी स्टीलची असतात. गोळ्या हलक्या म्हणून वेग लवकर घेतात, तेल कमी लागतं, पण आवाज करतात. डब्यावरचा एबेक (ABEC) आकडा हा फक्त मापातल्या अचूकतेचा आहे, लांब फेकीचा नाही. बसवल्यावर ब्रेक दोन घरं वाढवूनच पहिली फेक टाका.

माझ्या मते हलकी ल्यूर टाकणाऱ्याला बेअरिंगपेक्षा उथळ, हलक्या स्पूलचा उपयोग जास्त होतो. पण ते त्याच मॉडेलसाठी बनलेलं असलं पाहिजे. जवळपासच्या मापाचं घासून बसवू नका.

इथं थांबा

ही यंत्रं मुळात घड्याळजीच्या हातातून आली. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेत केंटकीत जॉर्ज स्नायडर या घड्याळजीनं असलं गिअरचं रील बनवलं असं मानतात. आत हात घालायचा तो त्याच बेतानं.

स्पूलच्या शाफ्टवरचं बेअरिंग एका बारीक आडव्या पिनेनं धरलेलं असेल आणि पिन काढायचा खास चिमटा तुमच्याकडे नसेल, तर हातोडी-खिळा घेऊ नका. शाफ्ट केसभर वाकला तरी स्पूल कायमचं थरथरतं. ते बेअरिंग शाफ्टवरच ठेवून धुता येतं.

स्पूल झाकणाशिवाय फिरवल्यावर कड वर-खाली डोलताना दिसली, तर शाफ्ट वाकलाय किंवा कड चेपलीय. घरी सरळ करायला जाऊ नका. क्लचचं बटण दाबल्यावर परत येत नाही, पिनियन गिअर दाबणाऱ्या स्प्रिंगा उडाल्या, गिअरचे दात तुटले, फ्रेमला चीर गेली, तर मुख्य गिअरबॉक्स उघडणाऱ्या माणसाकडेच द्या. इलेक्ट्रॉनिक ब्रेकचं रील असेल तर त्याच्या ब्रेकच्या भागाला स्क्रू ड्रायव्हर लावू नका, आयपीएमध्ये बुडवू नका. वॉरंटी चालू असेल तर बाजूच्या झाकणाच्या पुढे काहीच उघडू नका. जिथून घेतलं त्या दुकानातून कंपनीच्या सर्व्हिसकडे पाठवा.

पाठवताना लाइन काढून टाका, नॉब आणि ड्रॅग सैल करा, सुटलेले पार्ट छोट्या पिशवीत घालून रिलासोबत ठेवा आणि सुरुवातीला लिहिलेला लक्षणांचा कागद आत टाका. गुंता कधी होतो, आवाज कसला येतो, ल्यूर किती ग्रॅमचं आणि लाइन कुठली. उघडलेल्या अवस्थेत आलेलं रील आणि "चालत नाही" एवढीच चिठ्ठी असली, की दुरुस्तीवाल्याचा पहिला दिवस नुसता शोधण्यात जातो.

मैदानावर सेटिंग जमलं की पाण्यावर जाण्याआधी त्या जलाशयाचा मासेमारीचा ठेका कुठल्या संस्थेकडे आहे ते विचारून परवानगी घ्या. नांदूरमध्यमेश्वरला मात्र रॉड नेऊ नका, ते पक्षी अभयारण्य आहे आणि रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागाही.